काळ्या खिडकीशी ओळख: नवख्यांना कमांड लाइन कशी शिकवावी

कमांड लाइन, म्हणजे माउसऐवजी टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम देण्याची पद्धत, शिकवायची म्हटलं की आपल्याकडे आधी एक तक्ता पुढे येतो. डावीकडे कमांड, उजवीकडे तिचं काम, असे पन्नास-साठ नग. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमध्ये तो असतो, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतो आणि परीक्षा संपली की डोक्यातून जातोही. हाच तक्ता घडाघडा म्हणणाऱ्याला रिकाम्या काळ्या खिडकीसमोर बसवा, तो विचारतो, "आता काय टाइप करू?" त्याचा काही दोष नाही. आपण आत्ता कुठे उभे आहोत आणि मशीन आपल्याला काय सांगतंय, या दोन गोष्टी त्या तक्त्यात कुठेच नसतात. नवख्याला नीट शिकवायच्या त्या याच दोन. बाकीच्या कमांड गरज पडेल तशा हाताला लागतात.

मी पुण्यात रविवारी सकाळी एका सोसायटीच्या हॉलमध्ये छोटा वर्ग घेते. बीकॉमची मुलं येतात, हिंजवडीत सपोर्टची नोकरी मिळेल या आशेनं आलेले डिप्लोमावाले येतात, एखाद-दुसरे निवृत्त काका असतात. बहुतेकांचं एमएस-सीआयटी झालेलं असल्यामुळे फाइल, फोल्डर, कॉपी-पेस्ट हे नवं नसतं. नवं असतं ते माउस बाजूला ठेवणं. इथे कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत करायच्या, कारण लिनक्सला (विंडोजसारखीच ही एक ऑपरेटिंग सिस्टिम) लहान आणि मोठी अक्षरं वेगळी वाटतात.

सुरुवातीला मी सांगते की पडद्यावर दिसतंय ते एक नाही, तीन गोष्टी आहेत. खिडकी म्हणजे टर्मिनल. ती फक्त अक्षरं दाखवते आणि तुमची अक्षरं आत पोचवते, तिला स्वतःला काही कळत नाही. आत बसलेला असतो तो शेल. तुम्ही एंटर दाबलं की ती ओळ वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि योग्य प्रोग्रॅम सुरू करायचा हे त्याचं काम. लिनक्सवर बहुधा भेटणारा शेल म्हणजे बॅश, जो ब्रायन फॉक्सनं १९८९ मध्ये जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिला. आणि सगळ्यात खाली असतो कर्नल, जो डिस्क, मेमरी, नेटवर्क सांभाळतो. लिनक्स हे खरं तर या कर्नलचं नाव. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं तो १९९१ मध्ये जगापुढे आणला. चूक झाली की ती नेमकी कुणाकडून आली हे पुढे ओळखायचं असतं, म्हणून ही फोड सुरुवातीलाच करून ठेवलेली बरी.

"पण मॅडम, हे कशाला शिकायचं? सगळं क्लिक करून होतंच की." हा प्रश्न येतोच आणि यावाच. घरच्या लॅपटॉपवर होतं, खरं आहे. पण कंपनी भाड्यानं घेते तो सर्व्हर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असतो, त्याला ना पडदा ना माउस. त्याच्याशी बोलायचं तर अक्षरांतूनच. जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक यंत्र लिनक्सवर चालतं. पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली बसवलेला 'प्रत्यूष' महासंगणक हाही लिनक्सवालाच. पावसाच्या अंदाजाची गणितं करणारा शास्त्रज्ञ त्या यंत्राशेजारी जाऊन बसत नाही, तो आपल्या टेबलावरून लॉगिन करतो आणि टाइप करतो. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. एवढं सांगून मी थांबते. पटायचं त्याला काम करताना पटतं.

कमांडची नावं अशी आखूड आणि तुटकी का, हेही एकदा सांगून टाकावं, म्हणजे मुलं वैतागत नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची, म्हणजे लिनक्सनं पुढे जिचा कित्ता गिरवला त्या सिस्टिमची, सुरुवात केली तेव्हा समोर पडदा नव्हता. टेलिटाइप होता, म्हणजे कागदावर खडखड छापणारं यंत्र. मॉडेल ३३ टेलिटाइप सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचा आणि त्याची बटणं चांगली जोर लावून दाबावी लागायची. अशा यंत्रावर काम करणारा माणूस 'कॉपी' पूर्ण कशाला लिहील? तो सीपी लिहिणार. 'मूव्ह'चं एमव्ही झालं, 'लिस्ट'चं एलएस. मशीननं कमी बोलावं ही सवयही तिथलीच, तिचा मुद्दा पुढे येतो.

आता पहिली कमांड: पीडब्ल्यूडी. पुण्यात हे ऐकलं की लोकांना बांधकाम खातं आठवतं, हसू होतं आणि कमांड कायमची लक्षात राहते. ती एकच सांगते, तुम्ही आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात. माउसच्या जगात हे विचारावं लागत नाही, फोल्डर डोळ्यांसमोर उघडा असतो. इथे तो दिसत नाही, पण तुम्ही कायम कुठल्यातरी एका फोल्डरमध्ये असताच. नवख्यांच्या अर्ध्या अडचणी "मी इथे आहे असं मला वाटत होतं" या जातीच्या असतात.

उत्तर येतं ते साधारण असं: /होम/नेहा/हिशोब. याला पाथ म्हणतात, आणि तो समजवायला पुण्यातला पत्ता पुरतो. पाकिटावर आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो: घर नंबर, मग पेठ, मग पुणे, मग महाराष्ट्र. पाथ उलटा असतो. सुरुवातीची तिरकी रेघ म्हणजे सगळ्यात मोठी, सगळ्यांना पोटात घेणारी जागा, मग तिच्या आतली, मग तिच्याही आतली. असा पूर्ण पत्ता दिला की तुम्ही स्वारगेटला असा नाहीतर बाणेरला, तो त्याच घरी पोचवतो. दुसरा प्रकार रस्त्यावर सांगतात तसा, "इथून सरळ जा, दुसऱ्या चौकात डावीकडे." हा छोटा आणि सोयीचा, पण सांगणारा नेमका कुठे उभा आहे यावर सगळं अवलंबून. लकडी पुलावर ऐकलेली खूण कोथरूडमध्ये वापरली तर भलत्याच दारात उभे राहाल. तिरक्या रेघेनं सुरू होतो तो पूर्ण पत्ता. नाही होत तो "इथून" सांगितलेला. इथे एक टिंब म्हणजे "आत्ता आहे ती जागा", दोन टिंबं म्हणजे "एक पायरी बाहेर".

हे कळलं की सीडी (जागा बदलणं) आणि एलएस (इथे काय काय आहे ते दाखवणं) या दोन कमांडवर मुलं बराच वेळ स्वतःहून भटकत राहतात. भटकू द्यावं. सीडी करायचं, पीडब्ल्यूडीनं खात्री करायची, एलएसनं बघायचं, पुन्हा सीडी. हरवलात तर नुसतं सीडी टाइप करून एंटर, थेट घरच्या फोल्डरमध्ये परत. या भटकण्यानं काही बिघडत नाही हे बोटांना कळणं महत्त्वाचं आहे, कारण काळ्या खिडकीची भीती बहुतेक वेळा "काहीतरी उडून जाईल" याची असते.

लगेच त्याच्या जोडीला टॅब हे बटण. फोल्डरचं नाव दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं शेल पूर्ण करतो. लोक याला टायपिंग वाचवायची युक्ती समजतात. माझ्या लेखी टॅब म्हणजे तपासणी आहे. टॅबनं नाव पूर्ण झालं नाही, तर एक तर त्या अक्षरांनी सुरू होणारी वस्तू इथे नाही किंवा एकापेक्षा जास्त आहेत. पुन्हा एकदा दाबा, जास्त असतील तर यादी येते. काहीच आलं नाही तर तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. एंटर दाबायच्या आधीच कळलं.

मोकळी जागा ही पहिली खरी ठेच. शेल ओळीचे तुकडे स्पेसवर पाडतो: पहिला तुकडा कमांड, बाकीचे तिला दिलेली नावं किंवा सूचना. त्यामुळे 'गणपती फोटो' नावाच्या फोल्डरला सीडी गणपती फोटो असं लिहिलं की शेलच्या दृष्टीनं तुम्ही दोन वेगळी नावं दिलीत. नाव अवतरणचिन्हांत घाला, किंवा नवीन फोल्डर करताना मधे स्पेसऐवजी खालची रेघ वापरा. टॅब वापरणाऱ्याला ही अडचण येतच नाही, तो स्पेसची सोय स्वतः लावतो.

मग येतो शांततेचा प्रश्न. सीपीनं फाइल कॉपी केली, एंटर दाबलं, काहीच झालं नाही. फक्त पुढची ओळ आली. नवखा पुन्हा तीच कमांड देतो, मग पुन्हा. मोबाइलवर प्रत्येक कामाला हिरवी टिकमार्क बघायची सवय झालेल्या मुलाला हे खटकणारच. युनिक्समध्ये मौनं संमतिलक्षणम्: काम झालं असेल तर कमांड गप्प, अडचण असेल तरच बोलणार. विश्वास नसेल तर एलएस करून बघा, फाइल तिथे आहे.

या गप्पपणाचा कळस पासवर्डपाशी होतो. एकदा एक मुलगी बराच वेळ बटणं बडवत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, कीबोर्ड मेला वाटतं." पासवर्ड विचारल्यावर ती टाइप करत होती आणि पडद्यावर काही उमटत नव्हतं. ना अक्षर, ना टिंब, ना तारा. बहुतेक लिनक्सवर ते तसंच असतं, मागे उभ्या माणसाला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये म्हणून. आंधळेपणानं टाइप करा आणि एंटर दाबा. हे आधी सांगितलं नाही तर वर्गातला एक तरी जण लॅपटॉप उलटा करून बघतो.

आता मशीन बोलतं तेव्हाची गोष्ट. चूक झाल्याचा संदेश आला की नवख्याची नजर तिथून पळते. इंग्रजीत आहे, आपलं चुकलंय, बस. मी त्यांना संदेश मोठ्यानं वाचायला लावते आणि अपूर्णविरामावर थांबायला सांगते. समजा एलएस हिशेब असं लिहिलं, तर उत्तर येतं: एलएस: कॅनॉट ॲक्सेस 'हिशेब': नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. तीन तुकडे. पहिला, बोलतंय कोण? एलएस. दुसरा, कशाबद्दल? 'हिशेब' या नावाबद्दल. तिसरा, कारण काय? अशी फाइल किंवा फोल्डर इथे नाही. फोल्डरचं नाव 'हिशोब' होतं. चूक एका कान्याची, आणि संदेशानं ती बरोबर बोट ठेवून दाखवली होती.

तेच एलएसच्या जागी चुकून एलएलएस लिहिलं तर बोलणारा बदलतो. सुरुवातीला बॅशचं नाव येतं आणि शेवटी "कमांड नॉट फाउंड". म्हणजे प्रोग्रॅम सुरूच झाला नाही, शेललाच तो सापडला नाही. "परमिशन डिनाइड" आलं तर वस्तू आहे, पण तुम्हाला हात लावायची मुभा नाही. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक वेळा भेटणारे संदेश हे तीनच. ते वाचता आले की मुलगा दर वेळी हात वर करायचा थांबतो, आणि शिकवणाऱ्यानं याचीच वाट बघायची असते. फक्त शेवटच्या संदेशावर उपाय म्हणून कुणी "पुढे सुडो लाव" असं सांगितलं तर ऐकू नका. सुडो म्हणजे मशीनच्या मालकाचे अधिकार उसने घेणं. प्रोग्रॅम इन्स्टॉल करायला तो लागतो, पण आपल्याच फाइलवर मुभा नाही म्हणत असेल तर आधी ती का नाही ते बघावं.

आरएम, म्हणजे पुसून टाकणं, मी मुद्दाम उशिरा शिकवते आणि ताऱ्याच्या खुणेबरोबर शिकवते. आरएमला रिसायकल बिन नाही. पुसलं ते गेलं. तारा म्हणजे "इथे काहीही असू दे": *.जेपीजी लिहिलं की जेपीजीनं संपणाऱ्या सगळ्या फाइली. यातली महत्त्वाची गोष्ट फार थोडे जण सांगतात: तारा आरएमला दिसतच नाही. एंटर दाबल्यावर आधी शेल त्या ताऱ्याच्या जागी खरीखुरी नावं भरतो आणि मग ती भरलेली यादी आरएमच्या हातात देतो. म्हणूनच आरएमच्या जागी आधी एको लिहून बघता येतं. एको बिचारा मिळालेलं सगळं छापतो, एवढंच. एको *.जेपीजी केलं की पुसल्या जाणाऱ्या फाइलींची नावं समोर. आता चुकून ताऱ्यानंतर एक स्पेस पडली असं समजा: आरएम * .जेपीजी. शेलला तारा सुटा दिसतो, तो त्याच्या जागी फोल्डरमधल्या सगळ्या फाइली भरतो, आरएम त्या पुसतो आणि मग तक्रार करतो की '.जेपीजी' नावाची फाइल काही सापडली नाही. तक्रार येईपर्यंत सगळं गेलेलं असतं. हे सरावाच्या फोल्डरमध्ये, फेकायच्या फाइलींवर, एकदा सगळ्यांकडून करून घ्यावं.

इथपर्यंत आल्यावर खरं काम द्यायचं. वर्गातले एक काका त्यांच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. उन्हाळा लागला की पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये टँकर सुरू होतात आणि टँकरच्या नोंदींवरून वादही. काकांकडे एक साधी फाइल होती, टँकर.सीएसव्ही. दर टँकरला एक ओळ: तारीख, पुरवठादार, लिटर, रुपये, मधे स्वल्पविराम. प्रश्न असा: कुणाचे किती टँकर आले?

कट -डी, -एफ२ टँकर.सीएसव्ही | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

ही ओळ एकदम फळ्यावर लिहायची नाही. एकेक तुकडा चालवायचा. कट स्वल्पविरामावर तोडून दुसरा रकाना उचलतो. पडद्यावर पुरवठादारांची नावं, आली त्या क्रमानं. मग ती उभी रेघ, पाइप. डावीकडच्या प्रोग्रॅमचं उत्तर पडद्यावर न जाता उजवीकडच्या प्रोग्रॅमच्या पोटात जातं. डग्लस मॅकिलरॉय यांनी ही कल्पना लावून धरली आणि थॉम्पसननं १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये बसवली. सॉर्टनं नावं क्रमानं लागतात. युनिक (स्पेलिंगमध्ये क्यूवर थांबायचं) सारख्या ओळींची एक करतो, -सी दिल्यावर किती होत्या तेही सांगतो.

इथे काकांनी विचारलं, "सॉर्ट गाळला तर?" गाळून बघितलं. एकेका पुरवठादाराचं नाव पुन्हा पुन्हा आलं, समोर एक, दोन, एक असे आकडे. कारण युनिक फक्त लागोपाठच्या ओळी ताडून बघतो. आधीची कुठली ओळ होती हे तो लक्षात ठेवत नाही. सॉर्टनं सारखी नावं शेजारी आणून बसवली की मग त्याला मोजता येतात. हे छोटे प्रोग्रॅम असे एकाच कामाचे आणि थोडे बावळट असतात. जोडणी आपण करायची. शेवटचा सॉर्ट आकड्यानुसार, मोठा आधी.

मग काकांनी रुपयांच्या रकान्यावर तसाच सॉर्ट लावला आणि क्रम भलताच लागला. कारण आपल्या सगळ्यांना माहीत असावं असं आहे: त्यांनी रक्कम मराठी अंकांत लिहिली होती. सॉर्ट -एनला आकडा म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात. '९००' त्याच्या लेखी शून्य, '१८००' पण शून्य. उपाय सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडच्या वाय आदेशात आहे. एका बाजूला दहा मराठी अंक, दुसऱ्या बाजूला त्याच क्रमानं दहा इंग्रजी अंक, की अंक बदलून मिळतात. याच कामासाठी गाइडांत टीआर हा अक्षरं बदलणारा प्रोग्रॅम सुचवलेला असतो. लिनक्सवरचा टीआर बाइट (अक्षर साठवताना पडणारे छोटे तुकडे) बघतो, अक्षर नाही, त्यामुळे देवनागरीचा तो चिवडा करतो.

बाइट आणि अक्षर यातला फरक 'पुणे' या शब्दावरच दाखवता येतो. प्रिंटएफ पुणे | डब्ल्यूसी -सी केलं (प्रिंटएफ छापतो, डब्ल्यूसी मोजतो; -सी म्हणजे बाइट) की उत्तर बारा येतं. -सीच्या जागी -एम (अक्षरचिन्हं) लिहिलं की चार: प, उकार, ण, मात्रा. आपल्या डोळ्यांना दिसतात दोन. साठवताना यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणून बारा. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या सुट्या सुट्या दिसतात, तेव्हा मुलं घाबरतात की फाइल बिघडली. फाइल ठीक असते. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन देऊ बघतं आणि आपली लिपी त्यात बसत नाही, एवढंच. ग्रेपनं मराठी शब्द शोधायला कसलीच आडकाठी नाही.

मशीनची सोय फारशी अवघड नाही. विंडोजवर डब्ल्यूएसएल बसवलं की आत लिनक्स मिळतं; मायक्रोसॉफ्टनं ते २०१६ मध्ये आणलं. जुना लॅपटॉप असेल तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून बघता येतं. मॅकवर टर्मिनल असतंच, फक्त तिथला शेल २०१९ पासून झेडशेल आहे आणि काही कमांडचे पर्याय वेगळे. फक्त अँड्रॉइड फोन असलेल्यांना टर्मक्स हे ॲप. त्यात टॅब आणि कंट्रोलची बटणं कीबोर्डच्या वर दिलेली असतात. अंगठ्यांनी पाइप टाइप करणं कंटाळवाणं आहे, पण चालतं. आणि कुठेही अडकलात तर दोन सुटका: चालू काम थांबवायला कंट्रोल-सी (कॉपी नव्हे!), आणि मदतीच्या पानात अडकलात तर क्यू.

पहिल्या काही वर्गांचा शेवट मी स्क्रिप्टवर, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलवर, करते. टँकरची ती ओळ टँकर.एसएच नावाच्या फाइलमध्ये ठेवायची, वर एक ओळ कुठला शेल वापरायचा ते सांगणारी. सीएचमॉड +एक्स देऊन तिला चालवायची मुभा द्यायची. मग काकांनी नाव टाइप केलं, टँकर.एसएच, आणि उत्तर आलं: कमांड नॉट फाउंड. फाइल तर डोळ्यांसमोर होती, एलएसमध्ये दिसत होती. कुणीतरी मागून म्हणालं, "बॅश बोलतोय. म्हणजे त्याला सापडली नाही." बरोबर. शेल कमांड शोधतो ते ठरलेल्या काही फोल्डरांमध्येच, तुम्ही उभे आहात त्या जागी नाही. तसं केलं असतं तर कुणीही एखाद्या फोल्डरमध्ये एलएस नावाची खोडसाळ फाइल ठेवून तुमच्याकडून ती चालवून घेऊ शकला असता. म्हणून "इथली" असं स्पष्ट सांगावं लागतं. काकांनी नावाच्या आधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ लिहिली, ./टँकर.एसएच, आणि एंटर दाबलं.